मेंढीचे वरचे दात

विज्ञानाची चित्रं काढायला शिकले म्हणजे काय, तर पेन्सिलीला टोक ठेवायला, सावली ठिपक्यांनी द्यायला आणि नावांच्या रेघा पट्टीनं ओढायला शिकले. विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात माझा हात सगळ्यांत चांगला, असं निदान मला वाटायचं. मेंढीच्या कवटीचं माझं चित्र तर विभागाच्या भिंतीवर लागणार होतं. सरांनी खाली 'उत्तम' लिहून सही ठोकली होती.

त्याच आठवड्यात माझे वडील, आबा, मेंढरांचं औषध न्यायला आले. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. तोंड उघडून, खालचे मोठे झालेले दात मोजून 'दोन दाती', 'चार दाती' असं मेंढीचं वय सांगणं हा त्यांच्या हातचा मळ. मी तोऱ्यात चित्र पुढं धरलं.

"ही कशाची गं?"

"मेंढीची."

"हिला वर म्होरलं दात हायती."

मेंढीला वर पुढचे दात नसतातच! कोकरांच्या तोंडात बोटं घालून वाढलेली मी.

"बगून काडलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

साफ खोटं. कवटी टेबलावर होती, पण मी काढलं ते मोबाईलवरच्या फोटोवरून. फोटो सीनियरच्या जर्नलचा, आणि तिनंही कुणाचं तरी बघूनच काढलेलं. आमच्यात सगळे असंच करायचे.

आबांनी चित्र परत माझ्या हातात दिलं. "मग आसंल. आमी जलमभर मेंढरं राखली, पन एवडं बारीक कवा बगितलं?" पिशवी उचलून ते थांब्याकडं निघाले.

सरांनी न बघता सही केली त्याचं सोडा, पण माझ्या एका 'व्हय'वर या माणसानं जन्माचं ज्ञान खोटं मानलं होतं.

प्रयोगशाळेत धावले. कवटीच्या वरच्या जबड्यावर पुढून बोट फिरवलं. नुसतं गुळगुळीत हाड. कवटी तशीच ओढणीत गुंडाळली आणि थांबा गाठला. गाडी अजून आली नव्हती.

"आबा, मी खोटं बोलले. बगितलंच न्हवतं. तुमचंच खरं."

थांब्यावरची माणसं माझ्याकडं बघत होती. आबांनी कवटी हातात घेतली आणि तारेनं जोडलेल्या खालच्या जबड्यावरून अंगठा फिरवला.

"चार दाती हुती," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. मधले चार दात मोठे, कडेचे बारीक. माझ्या चित्रात आठही सारखे होते.