मेन स्विच आणि एक लाल वायर

माझ्या बायकोची एकच अट होती. इन्सुलिन गार राहणार असेल तरच ती गाडीत बसेल, नाहीतर मी एकट्यानं जंगलात जाऊन माकडं मोजावीत.

अट रास्त होती म्हणूनच जास्त झोंबली. चार वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना तिची इन्सुलिनची पेनं मीच थर्मासमध्ये भरली होती. थर्मास बर्फानं गच्च. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, कामात कसर कशी ठेवणार? औषध गोठलं. गोठून वितळलेल्या इन्सुलिनमध्ये दम राहत नाही, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. तीन दिवस ती आत सलाइनवर आणि मी बाहेर बाकावर. त्यानंतर तिनं रायपूरबाहेर मुक्काम केला नाही. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिला जायचं होतं ते कोंडागावच्या पुढे, आत, नदीपलीकडच्या एका गावात. तिचे वडील वन खात्यात गार्ड होते. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये ती चौथीपर्यंत वाढली. ते घर एकदा पाहून यायचं, हे आमच्या घरात वीस वर्षं चाललं होतं. नदीवर पूल नाही, पुढे रस्ता म्हणजे दगड आणि वाळू. म्हणून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली. समता कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली की शेजाऱ्यांचं फाटक उघडत नसे.

फ्रिज पोरीनं पुण्याहून पाठवला. मोठ्या बॅगेएवढा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. "पापा, किसी अच्छे आदमी से फिट करवाना, खुद मत करना," असं फोनवर बजावलं. आमची पोरगी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते आणि बापाला ओळखून आहे.

मी अर्थातच स्वतः केलं. मागची सीट काढली, फ्रिज ठेवला, नायलॉनच्या दोरीनं आवळला, शेजारी पिठाचा डबा, तेलाची बाटली, स्टोव्ह असं सगळं मांडलं आणि चाचणी म्हणून बायकोला घेऊन सदर बाजारातून निघालो. सराफांच्या दुकानांसमोर एक स्कूटरवाला आडवा आला. मी ब्रेक मारला. फ्रिज सरकत येऊन माझ्या सीटवर आदळला आणि पिठाचा डबा उघडून बायकोच्या डोक्यावर रिकामा झाला. ती पांढरी होऊन शांत बसली होती. मागून पन्नास गाड्यांचे हॉर्न.

"चला घरी," ती म्हणाली. "आता मी कोनाच्या हातानं करून घ्यायचं ते पाहते. तुम्ही मधात बोलू नका."

माणूस तिनंच शोधला. आमच्या गल्लीतून एका लग्नाची वरात चालली होती, पुढे धुमालची गाडी. धुमाल म्हणजे इकडचा वाजंत्रीचा ताफा. ढोल, झांजा, कीबोर्ड, माणसाच्या उंचीचे भोंगे आणि दिव्यांच्या माळा, सगळं एका गाडीवर बांधलेलं. गल्लीत नळाच्या पाइपसाठी खणलेला चर होता. गाडी त्यात उतरली, वर आली, आणि एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. लोक नवरदेव पाहत होते. माझी बायको त्या गाडीचे बोल्ट पाहत होती. तिनं ड्रायव्हरला गाठून विचारलं, "भैया, ही गाडी कोनं बांधली?"

गाडी बांधणाऱ्याचं शेड भनपुरीच्या बाजूला होतं. चाळिशीचा सडपातळ माणूस, खिशात खडू. नागपूरकडच्या कुटुंबांनी भरलेल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वाढला होता, म्हणून आमची मराठी आमच्यासारखीच बोलायचा. फक्त होकार मात्र छत्तीसगढी, "हव". तुम्ही काहीही सांगा, त्यावर "हव". त्याला ते पटलं की नाही, याचा त्यातून काही पत्ता लागायचा नाही.

मी त्याला मोजमापाचा कागद दिला. मीच काढलेला, स्केलपट्टीनं, तीन रंगांत. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "आधी घर पाहू द्या."

"अरे, गाडी समोर उभी आहे. घर काय पाहतोस?"

"हव," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारात हजर.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून तो चहा पीत बायकोचं काम बघत राहिला. माझं डोकं तापायला लागलं. तिनं फ्रिज उघडला, पेन काढलं, खिडकीच्या उजेडात धरून औषध स्वच्छ आहे ना ते पाहिलं, सुई लावली, टोचून घेतलं. दवाखान्यातून आल्यापासून पेन उजेडात धरल्याशिवाय ती टोचत नाही. मग त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"दीदी, सगळं डाव्या हातानं काहून?"

"उजवा खांदा धरते माहा. वर जात नाही."

तिचा खांदा धरतो हे मला माहीत होतं. फ्रिज ती डाव्या हातानं उघडते हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं खिशातून खडू काढला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर एक चौकोन आखला, जीपच्या मागच्या भागाएवढा. त्यात आमच्या घरातली रिकामी खोकी मांडली. हे खोकं म्हणजे फ्रिज, हा ड्रॉवर धान्याचा, हा भांड्यांचा, हा स्टोव्हचा. "आता दीदी, यातच चहा करा." ती खडूच्या रेषेबाहेर उभी राहून वाकली, हात घातला, अडखळली. त्यानं खोकं डावीकडे सरकवलं. पुन्हा वाकली. त्यानं खाली दोन विटा लावल्या. असं तास दीड तास. शेवटी तिचा हात न पाहता बरोबर साखरेच्या डब्यावर पडला आणि ती हसली. "हे तर माह्यं सैपाकघर झालं!" इतक्या वर्षांत कुणी तिच्या हाताला विचारून तिचं स्वयंपाकघर मांडलं नव्हतं. मी तर रेल्वे क्वार्टरच्या ओट्यालाच देवाची देणगी समजत आलो होतो.

मग आम्ही तिघं जीप घेऊन शेडवर निघालो. निघताना मी नेहमीप्रमाणे कुलूप हातात घेतलं आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. ही माझी सवय. सिग्नल खात्यात नवा असताना शेजारच्या क्वार्टरला वायर जळून आग लागलेली पाहिली होती, तेव्हापासून घर रिकामं सोडताना मेन बंद. हात आपोआप जातो. बायको "फ्रिजमध्ये दूध हाय ना!" म्हणून ओरडली, मागे फिरली आणि स्विच पुन्हा वर केला. हेही नेहमीचं. मी बंद करतो, ती मागून जाऊन चालू करते. इतका संसार त्यावरच चालला आहे. गाडी बांधणारा पायरीवर चपला घालत हे बघत होता. 

काम पंधरा दिवस चाललं. मी रोज जायचो, खुर्ची टाकून बसायचो आणि सूचना करायचो. तो "हव" म्हणायचा. पण त्याचे हात बघता बघता माझ्या सूचना कमी होत गेल्या, हे कबूल करतो. माझ्या कागदावर फ्रिज एका सुबक कपाटात बंद होता. त्यानं भोवती चार बोटं जागा सोडली, कारण फ्रिजला गरम श्वास बाहेर सोडावा लागतो. ड्रॉवरला त्यानं अशी खिटी लावली की चढावर गाडी उभी राहिली तरी ते आपोआप उघडू नयेत, आणि ती खिटी डाव्या अंगठ्यानं निघावी. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबराची कडी, नाहीतर हादऱ्यांनी पत्रा वायर सोलून काढतो. हे मला ठाऊक होतं. इतकं मन लावून केलेलं मात्र खात्यातही फार पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यानं ड्रॉवरमध्ये स्टीलचे पेले आणि ताटं भरली, स्वतः मागे त्या पेट्यांच्या शेजारी डोळे मिटून बसला आणि मला म्हणाला, "भैया, खराब रस्त्यावर चालवा." मी चालवली. तो मधेच हात वर करायचा, मी थांबायचो, तो नेमका एक स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. चौथ्या फेरीला पेले गप्प झाले. मी आरशातून त्याच्याकडे पाहत होतो आणि मनातून त्याला सलाम करत होतो. तोंडानं म्हटलं, "ठीक आहे."

भांडण झालं ते एका वायरीवरून. मी आधीच सांगितलं होतं की मागच्या सगळ्या वस्तूंना मिळून एक मेन स्विच हवा. दिवे, पंखा, मोबाइलचं चार्जिंग, फ्रिज, सगळं त्यातूनच गेलं पाहिजे. स्विच त्यानं लावला होता, लाल मुठीचा, ड्रायव्हरच्या हाताशी. पण एक जाड लाल वायर स्विचला वळसा घालून थेट मागच्या वस्तूंसाठी बसवलेल्या दुसऱ्या बॅटरीकडे गेलेली मला दिसली.

"ही काय आहे?"

"फ्रिजची. तिचा फ्यूज वेगळा देला."

"मेनच्या बाहेरून? मी चौतीस वर्षं विजेचं काम केलंय. एक स्विच पाडला की सगळं मेलं पाहिजे. काढ ती!" माझा आवाज शेडभर झाला असावा, कारण वेल्डिंग करणाऱ्यानं काच वर केली.

"हव," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा लाल वायर दिसत नव्हती. मी स्विच पाडला. दिवे गेले, पंखा गेला, चार्जिंग गेलं. फ्रिज तेव्हा आमच्या घरी होता, कारण त्याला पहिली थंडी घरच्या लाइटवर द्यायची होती. मी समाधानानं मान हलवली आणि गाडी घेऊन आलो.

मार्चअखेरीस निघालो. बेचाळीस अंश ऊन, आणि बायको दर तासाला मागे वळून फ्रिजवरचा हिरवा आकडा वाचायची. "चार." मग पुन्हा, "चार." कोंडागावच्या पुढे तिनं वाचणं सोडलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. नदीत पाणी गुडघाभर होतं. जीप दगडांवरून डुलत उतरली, पलीकडे चढली, मागे एक पेला वाजला नाही. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी त्यांच्या पडवीत आमची सोय केली. गावात त्या दिवशी लाइट नव्हती, आणि ती नसते तेव्हा दोन-दोन दिवस नसते असं ते म्हणाले. बायको माझ्याकडे पाहून हसली. "आपल्यापाशी हाय ना," म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या कामावर ती अशी विसंबली नव्हती.

सकाळी गाडीपाशी गेलो. दार उघडलं. मागचा दिवा लागेना, पंखा फिरेना. माझी नजर लाल मुठीवर गेली. ती आडवी होती.

मीच पाडली होती. काल उतरताना, गाडीला कुलूप लावायच्या आधी, हात आपोआप गेला होता. आणि मागून जाऊन स्विच वर करणारी माझी बायको, तिला या स्विचची जागासुद्धा मी दाखवली नव्हती. तेरा-चौदा तास झाले होते. सगळी पेनं त्यातच होती. औषधाचं दुकान नदी ओलांडून मागे, अर्ध्या दिवसावर.  पुन्हा तोच बाक डोळ्यांसमोर आला. पडवीतून ती येत होती, केसांचा अंबाडा घालत, टोचून घ्यायची वेळ झाली म्हणून. 

ती आली, डाव्या अंगठ्यानं खिटी काढली, फ्रिज बाहेर ओढला.

हिरवा आकडा जळत होता. चार.

मी वेड्यासारखा गुडघ्यांवर बसून मागची चटई उचकटली. लाल वायर चटईखालून, पाइपात घालून, थेट दुसऱ्या बॅटरीकडे गेली होती. फ्यूज वेगळा. प्रत्येक भोकाला रबराची कडी.

"यानं काढलीच नाही," मी म्हणालो. "माझ्या तोंडावर हव म्हणाला आणि काढलीच नाही!"

बायकोनं पेन उगवत्या उन्हात धरलं, आत पाहिलं. "मले इचारलं होतं त्यानं," ती म्हणाली. "तुम्ही वायरवरून भांडले त्या सांजी तो घरी आला, तुम्ही पैसे आनाले आत गेले होते तवा. दीदी, भैया गाडीचा बी मेन बंद करतील का, म्हणे."

"मग तू काय म्हणालीस?"

"करतीलच, म्हटलं. हात हाय तो त्याईचा, आयकत नाही." तिनं सुई टोचली, दहापर्यंत मोजलं, टोपण लावलं. "तर म्हणे, मग वायर राहू देतो. तुम्ही सांगू नका, त्याईले राग येईल."

राग आला नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही. तिनं बिस्किटाचा पुडा फोडला, एक मला दिलं, आणि मग आम्ही तिच्या वडिलांचं क्वार्टर पाहायला निघालो. छप्पर नव्हतं, पण अंगणातला मोह होता, आणि खाली फुलांचा सडा. ती तिथे बराच वेळ फुलं वेचत बसली, डाव्या हातानं.

रायपूरला परतल्यावर मी शेडवर गेलो. तो एका धुमालच्या गाडीखाली आडवा होता. मी त्याच्या पायांपाशी उभा राहिलो आणि शक्य तितक्या कडक आवाजात म्हणालो, "ती लाल वायर तू काढली नाहीस."

"हव," गाडीखालून आवाज आला.

मी त्याच्यासाठी मोहाची फुलं आणली होती. पुडी त्याच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली, आणि तो बाहेर येईपर्यंत खुर्ची टाकून बसलो. त्या दिवशी मी एकही सूचना केली नाही.