लाल रेघेखालची ओल

सेंट हेलेना बेटावरून एल्विन क्रोवीने सव्वीस वर्षं रोज सकाळी हवामानाचा फुगा सोडला. "तुझे फुगेच तेवढे जग बघतात, तू मात्र खुंटीला बांधलेला," असं त्याची बायको व्हर्ना म्हणायची.

फुग्याला टांगलेलं यंत्र आधी खालच्या ढगातून जातं. तिथे ते भिजतं आणि वरच्या कोरड्या हवेतही ओल दाखवत राहतं. म्हणून जुन्या लोकांची शिकवण होती, ढगाच्या वर ओल दिसली की लाल रेघ मारून खोडायची. एल्विनने ती डोळे झाकून पाळली.

आज शनिवार, आठवड्यातल्या एकुलत्या विमानाचा दिवस. हृदयाचं ऑपरेशन करून व्हर्ना परतत होती. तिचं विमान आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, वॉल्विस बेला इंधन भरत होतं, पुढे साडेतीन तास नुसता समुद्र. आणि आजच्या फुग्याच्या आलेखाच्या कागदावर तीन किलोमीटर उंचीवर ओलीचा फुगवटा आला होता.

"काका, खोडा की नेहमीसारखं!" त्याच्या हाताखालची पॉलीन फोन हातात धरून म्हणाली. "विमानवाले खोळंबलेत. काकू येतायत आणि तुम्ही कागद कवटाळून बसलाय."

"थांब गं जरा."

ढगाच्या लगेच वर यंत्राने ठणठणीत कोरडी हवा दाखवली होती. ओल त्याच्याही वर होती. एकदा वाळलेलं यंत्र पुन्हा कशाने भिजेल? सप्टेंबर होता, तिकडे अंगोलात रानं पेटलेली. मागे आलेल्या संशोधकांनी सांगितलं होतं, आगीचा धूर आणि जमिनीवरची ओल एकाच वाऱ्याने समुद्र ओलांडतात. वर धूर तापत बसला की खालचा ढग दाटतो, हटत नाही. एल्विनने तेव्हा मान डोलावली होती आणि रेघा मारणं चालूच ठेवलं होतं.

त्याने गेल्या सप्टेंबरातला एक कागद शोधून काढला. तोच फुगवटा, त्यावर त्याच्याच हातची लाल रेघ. त्या दिवशी विमान ढगावर तीन घिरट्या घालून परत गेलं होतं. आत व्हर्नाचा भाऊ बेसिल होता, शेवटचे दिवस घरी काढायला निघालेला. तो वॉल्विस बेला परक्या खाटेवर गेला.

"काका, काय सांगू त्यांना?"

अंदाज चुकला तर व्हर्ना उगाचच ओल्या टाक्यांनिशी आठवडाभर परक्या गावात अडकणार होती. एल्विनने लाल पेन्सिल खाली ठेवली.

"सांग, धावपट्टीवर ढग बसणार. निघू नका म्हणावं."

दुपारी ढग असा उतरला की धावपट्टीच्या कडेचे दिवेही दिसेनात. पॉलीनने त्याची पाठ थोपटली. त्याला मात्र बसवेना.

संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला. "इथे सूर्य लालभडक झालाय, धुराचा वास येतोय. पाठवू का थोडा?"

"तो तुझ्याआधीच पोचलाय."

ती हसली. "बरं झालं आज अडवलं आम्हाला. बेसिलच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर..."

"सांगायचं काम माझंच होतं, व्हर्ना," एल्विन म्हणाला. "मला दिसलं होतं. मी खोडलं."