घुबडाची गोळी

“घुबाड खोटं बोलत न्हाय, बाई. काय खाल्लं ते पुढ्यात टाकतंय,” असं म्हणत शाळेमागच्या गुऱ्हाळातले गुळव्या तळहातावरची काळसर गोळी नखाने फोडायचे. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं, केस गोळी करून ओकून टाकतं, हे मी आठवीला पुस्तकातून शिकवायची. हे ती हाडं फळीवर मांडून दाखवायचे.

गुळव्या म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, काईल, चुलवणावरून कधी उतरवायची ते ठरवणारा माणूस. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी ते बोटांत दाबून बघायचे. दोन्ही गोळ्यांची परीक्षा एकाच हाताने चाले. मध्ये हात धुता ना, असं मी एकदा विचारलं. “एवढी शंका असंल तर काकवी नगा खाऊ,” म्हणाले आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. तुम्हीही खाल्ली असती.

आढ्याला त्यांनी पत्र्याचा जुना डबा टांगला होता, एका बाजूला भोक पाडून. त्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. कुणी अपशकुन म्हटलं की हे खेकसायचे, “उसाला उंदीर, उंदराला घुबाड. ह्यातलं एक हलवलं की बसा बोंबलत!” अन्नसाखळीचा धडा मी या वाक्यावर वर्षानुवर्षं शिकवला. दर हंगामात वर्ग घेऊन त्यांच्याकडे जायची.

दोन वर्षांपूर्वी गेलो तर डबा रिकामा. “म्हातारी झालती, मेली की दोन्ही,” ते चुलवणाकडे बघत मुलांना म्हणाले. दोन्ही एकदम कशी, असं माझ्या मनातही आलं नाही. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती.

डब्याखाली एका मुलीला गोळी सापडली. तिने ती त्यांच्यासारखीच नखाने फोडली. हाडं, केस आणि केसांत अडकलेला निळा चुरा. “मामा, हे काय हो?” मामा काईल ढवळायला वळले. मी इकडेतिकडे पाहिलं. गुळाच्या ढेपांमागे निळ्या वड्यांचं खोकं होतं. उंदरांचं विष. ते खाऊन मंदावलेले उंदीर घुबडांना आयतेच मिळाले होते.

मुलांना बाहेर पाठवून मी विचारलं.

“ढेपंत लेंड्या घावल्या. मालक म्हणला, उंदीर तरी ऱ्हातील न्हायतर तू.”

“मग मुलांना खोटं का सांगितलंत?”

“पोरास्नी कुठल्या तोंडानं सांगू, बाई?”

नोकरीची भीती मला कळते, मीही पगारावरच जगते. घुबडांसाठी त्यांनी काम सोडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलांना त्यांनी खरं शोधायला शिकवलं, त्यांच्याच डोळ्यांत धूळ फेकली. मला तर त्यांनी साधा निरोपही धाडला नाही. फसवलं त्यांनी मला. काकवीची वाटी त्यांनी पुढे केली तेव्हा मी हात लावला नाही. पुढच्या वर्षी तिकडे फिरकलेही नाही.

यंदा मुलांनी फारच हट्ट धरला म्हणून गेले. चुलवणापाशी दुसरेच गुळव्या होते. मी आधीच्यांची चौकशी केली.

“त्यास्नी व्हय? गेल्या हंगामातच मालकानं काढलं की,” ते म्हणाले. “उंदीर काय हटलं न्हाईत.”

डबा मात्र तिथेच टांगलेला होता. मुलं त्याच्याखाली माना वर करून उभी राहिली. भोकातून एक गलेलठ्ठ उंदीर डोकावला, आमच्याकडे बघून निवांत परत आत गेला.