रिद्धीची घोडेस्वार

धुळ्यात भांड्यांचं दुकान चालवणारा रोनक मोबाइलवर भांडायचा, आणि तेही एका खेळावरून! परदेशी कंपनीच्या त्या खेळाचा तिसरा भाग येणार होता. दुसऱ्या भागात आपण घडवलेली पात्रं त्यात नेता येतील की नाही, यावर खेळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये वर्षभर जुंपली होती. नेता आलीच पाहिजेत, हा रोनकचा हेका.

"रोनकभाऊ, नवा डाव नव्याने मांडा की," जळगावच्या कुंदनने लिहिलं. "जुन्यात तुमचं कोण अडकलंय?"

रोनकने 'बहीण' असं लिहिलं आणि पुसून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीने, रिद्धीने, खेळातली आपली घोडेस्वार किल्ल्याच्या दारात उभी केली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या जैन घरातला नेम. "जेवून येते. हात लावशील तर याद राख!" म्हणाली. ताटावरच तिला हुडहुडी भरली. डेंग्यूने आठवड्यात गेली पोर. आईने, भंवरीबाईंनी, तिचे कपडे वाटून टाकले. घोडेस्वार तेवढी उरली.

काल कंपनीने जाहीर केलं, जुनं काहीही पुढे येणार नाही. ग्रुपने रोनकची यथेच्छ टर उडवली. त्याने दुसरा भाग उघडला, दारात उभी घोडेस्वार पाहिली आणि हात न लावता खेळ बंद केला.

"रोनक, ऊन उतरलं रे, जेवून घे," आईने हाक मारली.

तो पानावर येऊन बसला.

"आज भांडत नाहीस ते?" भाजी वाढताना भंवरीबाईंनी विचारलं.

"हरलो," रोनक म्हणाला.