जळगावच्या ब्लॉगवाल्यांचा रविवार

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं ब्लॉगवाले जळगावात स्टँडमागच्या हॉटेलात चहाला जमतो. ठरलेलं असतं लिखाणावर बोलायचं. पण ब्लॉगवर जेवढं लिहून झालं, त्याहून जास्त किस्से ते लिहिताना साठलेत. लिखाण राहतं बाजूला, आणि चहा तीनदा होतो.

आमच्यात वयानं मोठे शिंदखेड्याचे नाना, रिटायर्ड पोस्टमन. अहिराणीत लिहितात. मोतीबिंदू काढल्यावर त्यांनी लिहिलं, 'ऑपरेशन व्हयनं. आते मी बरा शे.' फोननं 'शे'चं, म्हणजे 'आहे'चं, परस्पर 'शेवट' केलं. सुरतेच्या लेकीनं वाचलं, 'आते मी बरा शेवट', आणि रडतच फोन लावला.

नाना आम्हाला म्हणाले, "फोनले अहिराणी येत नही. मी काय करू?"

चोपड्याच्या अक्का केळीच्या शेतीवर लिहितात. पहिल्याच लेखाला बेचाळीस व्ह्यूज आले म्हणून त्यांनी आम्हाला पेढे दिले. मी विचारलं, "अक्का, तुम्ही स्वतः कितीदा उघडून पाहिला?"

"असेल तीस-पस्तीस वेळा."

"तेही त्यात मोजलेत."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग? मी काय वाचक नाही?"

धुळ्याचे रशीदभाई टेलर आहेत. गिऱ्हाइकांच्या गोष्टी लिहितात, आणि मराठी अशी की मी माझे लेख त्यांच्याकडून तपासून घेतो. एकानं कमेंट टाकली, 'तुम्ही मुस्लिम असून इतकं छान मराठी कुठे शिकलात?'

रशीदभाईंनी उत्तर दिलं, 'शाळेत. तुम्ही शिकलात तिथेच.'

त्याचा लगेच रिप्लाय आला, 'सॉरी, मी इंग्लिश मीडियमचा.'

मागच्या पावसाळ्यात नानांनी एक लेख लिहिला, पण टाकायला धजेनात. नोकरीत असताना एका म्हातारीला तिच्या मुलाची चिठ्ठी तेच वाचून दाखवायचे. एकदा मुलानं लिहिलं होतं, 'दिवाळीला येत नाही, वाट पाहू नको.' म्हातारी समोर बसलेली. नाना वाचून गेले, "दिवाळीला येतो."

तिनं त्यांच्याकडूनच उत्तर लिहून घेतलं, 'ये. तू येतोस ऐकून बरं वाटलं.' नानांनी ते तसंच पोस्टात टाकलं. पुढे दिवाळीआधीच त्यांची पाचोऱ्याला बदली झाली. मुलगा आला की नाही, कळलंच नाही.

"पोस्टमननं असं करू नये," नाना म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

अक्का म्हणाल्या, "इतकी वर्षं मनात ठेवलं, आता लिहून टाका."

नानांनी लेख टाकला. दोन महिने कोणी काही बोललं नाही. मग आमच्या एका रविवारी, चहा यायच्या आधी, नानांनी फोन माझ्यापुढे धरला. "भाऊ, मन्हा डोळास्ले बारीक अक्षर दिसत नही. तू वाच."

कमेंट होती, 'तो मुलगा मी. आईचं उत्तर वाचून वाटलं, माझी चिठ्ठी तिला समजलीच नाही. नाही म्हणून परत लिहायला हात होईना, म्हणून गेलो. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.'

मी वाचून फोन परत दिला. नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"जसं लिखेल शे, तसंच वाचं ना तू?"