कुठनं आलं गो हे?

कुंटे बाई कुणाच्याही घरी गेल्या की चहा घेण्याआधी बशी उलटी करून बघायच्या. मग औषधाची पट्टी, पोराचं खेळणं, हाताला लागेल ते. "कुठनं आलं गो हे?" हा पहिला प्रश्न आणि "पैसे कुठल्या देशाच्या नोटांत दिले?" हा दुसरा. रोह्याच्या कॉलेजात त्या आम्हाला अर्थशास्त्र शिकवायच्या आणि आम्ही पोरी मागच्या बाकावर त्यांची नक्कल करून हसायचो.

ते हसणं परतीच्या गाडीत थांबलं. बाई पेणला रामवाडीत राहायच्या, मी पुढे जित्याला उतरायचे. सारखं काय बघता, असं मी एकदा विचारलं. यजमानांच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं एका बेटावरच्या छोट्या देशात होत्या. यजमानांना रोज इन्सुलिन लागायचं. "पर्स नोटांनी भरलेली होती गो माझी," बाई म्हणाल्या, "पण औषध बाहेरून यायचं आणि देशाकडे डॉलरच उरले नव्हते. सात दुकानं फिरले." बाई तिथून एकट्या परत आल्या. सांगताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की पेण आलं तेव्हा त्यावर बोटं उमटली होती. त्या दिवशी मला अर्थशास्त्राची भीती वाटली.

लग्न होऊन मी हमरापूरला आले. आमचा गणपतीचा कारखाना. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे. बाई दरवर्षी यायच्या. एकदा माझ्या नवऱ्याने, सुनीलने, हौसेने सांगितलं, की परदेशातल्या एका व्यापाऱ्याने शेकडो मूर्ती मागवल्यात. पैसे माल पोचल्यावर. तोवर बँक डॉलरमध्ये कर्ज देतेय, व्याज कमी, कारखाना तारण.

बाईंनी कप खाली ठेवला. "जावईबापू, तो देश विकतो काय?"

"साखर. बाकी काय नाय."

"आणि घेतो काय?"

"सगळंच. तेल, धान्य, औषधं. पण मोठा विमानतळ बांधलाय बाई त्यांनी. श्रीमंत हाय तो देश!"

"कर्ज काढून बांधलाय. रिकामा विमानतळ डॉलर आणतो का? साखरेचा भाव पडला की जुनं फेडायला नवं कर्ज, तेही डॉलरमध्येच. तुमचंही तेच चाललंय. एकच माल, एकच सण, आणि कर्ज दुसऱ्याच्या नोटांत. व्यापारी पैसे देईल हो. पण डॉलर त्याचा देश देईल का?"

"लय घाबरट हायत बाई," त्या गेल्यावर सुनील म्हणाला. मला बाईंचं पटलं होतं, तरी त्याने कर्ज काढलं तेव्हा मी त्याला अडवलं नाही. ती माझी चूक.

बोटीने जाणारा माल कित्येक महिने आधी निघतो. पेट्या तिथल्या बंदरात पोचल्या आणि व्यापाऱ्याचा फोन आला. पैसे तयार आहेत, पण तिथल्या बँकेकडे डॉलर नाहीत. पैसे चुकते होईपर्यंत पेट्या बंदरातच अडकल्या. चतुर्थी जवळ येत होती. ती उलटल्यावर त्या मूर्तींना कोण विचारणार? इकडे रुपया घसरत होता आणि तेच डॉलरचं कर्ज रुपयांत आठवड्या-आठवड्याला वाढत होतं. एक कारागीर म्हणालाच, "वैनी, यंदाचे डोळे घाबरल्यावानी दिसतात."

बाई "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. रोज यायच्या, मी डोळे आखत असताना शेजारी बसायच्या. "घाबर गो," म्हणायच्या, "पण हात टेकवून घाबर, रेघ हलायला नको." त्या मूर्ती परत आल्या नाहीत. कारखान्याची अर्धी जागा विकून कर्ज फिटलं.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून घर आवरायला मी आणि सुनील रामवाडीला गेलो. फ्रिज उघडला. दोन कप्पे भरून इन्सुलिनच्या बाटल्या, काही मुदत संपलेल्या, काही अगदी नव्या. बाईंना स्वतःला मधुमेह नव्हता. यजमान जाऊन तर वीसेक वर्षं झाली होती.

सुनीलने एक बाटली उचलली, फिरवून बारीक अक्षरं वाचली. मग ती जागेवर ठेवून दार हळूच लावलं.

"कुठनं आलंय?" मी विचारलं.

"बाहेरनं," तो म्हणाला.