माटोळीला बांधलेलं पाकीट

मी गोव्यातल्या सर्वणची, डिचोलीत शिवणक्लास चालवते. टेपने मापल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, असा माझा स्वभाव. त्यामुळे असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही... तुम्हीही विश्वास ठेवाच असं नाही. घडलं तसं सांगते.

तीन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गेल्या वर्षी तो हाडात उतरला. हार्मोनवर पोसणारा प्रकार. डॉक्टरबाईंनी सोपं करून सांगितलं — रोजची एक गोळी त्याचं खाणं तोडते, दुसरी त्याची वाढ अडवते. ही दुसरी तीन आठवडे घ्यायची, मग एक आठवडा सुट्टी. त्या सुट्टीत तोंडाला चव यायची, अंगात जीव यायचा. वाटायचं, झाले की मी बरी!

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर सुट्टी संपली आणि मी नवं पाकीट उघडलंच नाही. नेवऱ्या कोण तळणार? पातोळ्या कोण करणार? चवथ होऊ दे, मग बघू, असं म्हणत नऊ दिवस वर गेले. घरात कुणाला पत्ता नाही. पाकीट कपाटात, कपाटाला कुलूप, चावी माझ्या कमरेला. शुद्ध मूर्खपणा. पण ते नऊ दिवस मी फार सुखात होते, हेही खरं.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. जेवणं आटोपून घरचे सगळे शेजाऱ्यांकडे आरतीला गेलेले. मी गणपतीसमोर चटईवर आडवी झाले. वर माटोळी — लाकडी चौकटीला नारळ, सुपारीची शिपटं, लालबुंद कवंडळाची रानफळं टांगलेली. उदबत्तीचा वास, पिकल्या केळ्यांचा वास... डोळे मिटले होते की उघडे, सांगता येणार नाही. काकी दिसली. ह्यांची काकी, माझ्या लग्नाच्या वर्षी ह्याच रोगाने गेली. तेव्हा असल्या गोळ्या आमच्याकडे कुणी ऐकल्याही नव्हत्या. स्टुलावर उभी राहून ती माटोळीला काहीतरी बांधत होती, अगदी सावकाश. भीती वाटली नाही. उलट इतकं शांत वाटलं, की हे संपू नये.

"काकी, कितें गो बांदता?" मी विचारलं.

ती वळली नाही. "म्हाका मेळूंक नाशिल्लें. तुका मेळ्ळां मगे? तर घे." तिला मिळालं नव्हतं, मला मिळालंय, तर घे, असं सांगत होती ती.

जाग आली ती मेघाच्या हाकेने. मेघा माझी मुलगी, पणजीला नोकरी करते, चवथीला घरी आली होती. ती वर बघत होती. नारळ आणि कवंडळाच्या मधे माझं गोळ्यांचं पाकीट, झाडाच्या सालीच्या दोरीने घट्ट बांधलेलं.

"आई, हें भरिल्लेंच कशें? तूं गोळ्यो घेना?"

मग मात्र सगळं सांगितलं. ती रडली, मीही रडले. संध्याकाळीच डॉक्टरबाईंना फोन केला, पोटभर बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं आणि त्यांनी सांगितल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली.

"न्हिदेंत तुवेंच बांदलें आसतलें," मेघा म्हणते. केलंही असेल मी झोपेत. कपाट कुलूपबंदच होतं आणि चावी माझ्या कमरेला, म्हणजे दुसऱ्या कुणी काढलं नाही. पण ऑपरेशनपासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्यावर, एका हाताने गाठ मारता येते का, तुम्हीच सांगा.

कसं झालं, मला आजही ठाऊक नाही. मला मरायचं नाहीये, एवढं मात्र त्या संध्याकाळी मी मेघाला सांगितलं. तोवर हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.